अर्धा लिटर तेल आणि तासांचा हिशेब : लहान इंजिने अकाली का बसतात

खरिपाची पेरणी उरकून पहिली कोळपणी सुरू झाली, की तालुक्याच्या गावांतील दुरुस्तीच्या दुकानांत पॉवर वीडर, ब्रश कटर आणि पाणी उपसण्याचे पेट्रोल पंप येऊन पडू लागतात. सुरू करण्याची दोरी ओढली तरी हलत नाही, चालता चालता खणखण आवाज होऊन यंत्र एकाएकी थांबले, निळसर धूर येतो, अशा तक्रारी असतात. इंजिन उघडल्यावर अनेकदा एकच चित्र दिसते. पिस्टन आणि क्रँकशाफ्ट यांना जोडणारा रॉड तुटलेला किंवा चिकटलेला असतो, आणि तळाशी उरलेले थोडेसे तेल काजळीसारखे काळे, पाण्यासारखे पातळ झालेले असते. तण वाढण्याचे दिवस कोणासाठी थांबत नाहीत. यंत्र आठवडाभर दुकानात राहिले, तर तेवढे क्षेत्र मजुरांकरवी खुरपावे लागते आणि नेमक्या त्याच आठवड्यात मजूर मिळत नाहीत.

या बिघाडांपैकी मोठा भाग टाळता येण्याजोगा असतो. त्यासाठी लागते ते सुमारे अर्धा लिटर तेल, पंधरा-वीस मिनिटे आणि यंत्र किती तास चालले याची नोंद. यांतील तिसरी गोष्ट बहुतेक ठिकाणी नसते.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला इंजिन नवे नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना पुण्यात १९४६ मध्ये झाली आणि पुढील काही दशके विहिरीवरचे डिझेल इंजिन हा बागायती गावाचा ओळखीचा आवाज होता. राजकोटच्या कारखान्यांतून निघणारी लिस्टर धर्तीची इंजिने देशभर पोहोचली. या संथ इंजिनांचे जड चक्र मिनिटाला साधारण ६५० ते १,००० फेरे घेत असे, त्यांत तेल काही लिटर मावे आणि भाग ओतीव लोखंडाचे असत. तेल थोडे कमी-जास्त झाले, बदलायला महिनाभर उशीर झाला, तरी ती निभावून नेत. ‘इंजिनला काही होत नाही’ हा विश्वास त्या यंत्रांनी दिलेला आहे.

आजची हलकी पेट्रोल इंजिने वेगळ्या घराण्यातली आहेत. जपानच्या होंडा कंपनीने १९८३ मध्ये जीएक्स ही मालिका बाजारात आणली. आज वीडर, फवारणी पंप, काँक्रीट मिक्सर आणि लहान जनरेटर यांवर दिसणारी असंख्य इंजिने, त्यांत चिनी बनावटीचीही आली, याच आराखड्याच्या वळणावर घडवलेली असतात. एक सिलिंडर, हवेने थंड होणारी रचना, ॲल्युमिनियमचे कवच, एका माणसाला उचलता येईल एवढे वजन. कृषी यांत्रिकीकरणाचे केंद्रीय उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले आणि अनुदानामुळे अशी यंत्रे लहान शेतकऱ्याच्या आवाक्यात आली. यंत्र पोहोचले, त्याबरोबरची पुस्तिका मात्र बहुधा इंग्रजीत असते आणि खोक्यासोबत माळ्यावर जाते.

पंप नाही, गाळणी नाही

या इंजिनांच्या पोटातील व्यवस्था समजून घेतली, तर तेलाला इतके महत्त्व का, हे वेगळे सांगावे लागत नाही. मोटारीच्या इंजिनात तेल ढकलणारा पंप असतो आणि ते गाळणारा फिल्टर असतो. वीडर किंवा जनरेटरवरच्या साध्या इंजिनांत बहुधा या दोन्ही गोष्टी नसतात. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला पळीसारखा एक लहान दांडा असतो. प्रत्येक फेऱ्यात तो तळातल्या तेलात बुडतो आणि तेल वर उडवतो. त्या शिंतोड्यांवर आणि त्यांतून तयार होणाऱ्या धुक्यावर सिलिंडर, कॅमशाफ्ट, बेअरिंग असे सारे भाग जगतात. तेलाची पातळी बोटभर खाली गेली, की पळी वरचेवर फिरते आणि तेल उडेनासे होते.

रॉडही ॲल्युमिनियमचा असतो. अशा अनेक इंजिनांत क्रँकच्या पोलादी खुंटीवर तो थेट फिरतो. मध्ये वेगळे बेअरिंग नसते. त्या दोन धातूंमध्ये असतो तो केवळ तेलाचा पातळ थर. तो तुटला, की ॲल्युमिनियम तापून पोलादाला लिंपले जाते, रॉड चिकटतो, मोडतो आणि प्रसंगी कवचाला भोक पाडून बाहेर येतो. हे घडायला काही मिनिटे पुरतात. त्यानंतरची दुरुस्ती नव्या इंजिनाच्या किमतीशी स्पर्धा करू लागते.

गाळणी नसल्याने झिजेतून निघालेले धातूचे कण, जळणातून आलेली काजळी आणि एअर फिल्टरमधून निसटलेली माती हे सर्व तेलातच फिरत राहते. बाहेर काढण्याचा मार्ग एकच, तेल बदलणे. शिवाय रेडिएटर नसल्यामुळे उष्णता वाहून नेण्याचे बरेचसे काम तेलाकडेच असते. सिलिंडरभोवतीच्या पंखांसारख्या पट्ट्यांत गवत आणि भुसा अडकला, तर इंजिन अधिक तापते आणि तेल लवकर जळते. तेल काळे पडले म्हणजे ते भेसळीचे होते, असा समज आहे. तो चुकीचा आहे. काजळी स्वतःत धरून ठेवणे हे त्याच्यातील घटकांचे कामच आहे. डिझेल इंजिनात तर नवे तेल काही तासांतच काळे दिसू लागते.

किलोमीटर नाहीत, म्हणून तास

मोटारसायकलला किलोमीटरचा आकडा असतो, म्हणून तिचे तेल वेळेवर बदलले जाते. वीडरला आकडा नसतो. त्याचा हिशेब तासांवर असतो आणि तो कोणी ठेवत नाही.

साधारण १६३ ते १९६ घन सेंटिमीटर क्षमतेच्या इंजिनांत सुमारे ०.६ लिटर तेल मावते. होंडाच्या या गटातील इंजिनांसाठी पहिला बदल एका महिन्यानंतर किंवा २० तासांनंतर आणि पुढे दर सहा महिन्यांनी किंवा दर १०० तासांनी, जे आधी येईल तेव्हा, असे वेळापत्रक आहे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन ही अमेरिकी कंपनी आपल्या अनेक इंजिनांसाठी पहिला बदल ५ तासांनंतर आणि पुढे दर ५० तासांनी किंवा वर्षातून एकदा सांगते. आकडे इंजिनागणिक वेगळे, म्हणून पुस्तिका माळ्यावरून खाली काढावी लागते. जड कामात, उन्हाळ्यात आणि धुळीत या मुदतीच्या आतच तेल बदलणे शहाणपणाचे ठरते.

१०० तास हा आकडा मोठा वाटतो. दिवसाला सहा तास वीडर चालला, तर तो सतरा दिवसांत गाठला जातो. ५० तास नऊ दिवसांतच भरतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने १०० तास चाललेली मोटारसायकल ४,००० किलोमीटर गेलेली असते, आणि तिच्यात तेल पंपाने फिरते. जनरेटरचे उदाहरण याहून बोलके आहे. ५० हर्ट्झची वीज देण्यासाठी लहान पेट्रोल जनरेटर मिनिटाला ३,००० फेरे घेतो. १०० तासांत हे १ कोटी ८० लाख फेरे होतात आणि तेवढ्या वेळा ती पळी त्याच अर्ध्या लिटरात बुडून वर येते.

नोंद ठेवायला भारी साधन लागत नाही. हँडलला बांधलेली लहान वही किंवा टाकीवर चिकटवलेला कागद पुरतो. स्पार्क प्लगच्या वायरीभोवती तार गुंडाळून चालणारे छोटे तासमापकही मिळतात. तेही नको असेल, तर पेट्रोलचा हिशेब ठेवावा. एका टाकीत यंत्र किती वेळ चालते, हे एकदा घड्याळ लावून पाहिले, की टाक्या मोजून तास काढता येतात.

भाड्याने फिरणाऱ्या यंत्रांचा प्रश्न अधिक बिकट असतो. अवजार बँकेचा किंवा गटाचा वीडर आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. पेट्रोल वापरणाऱ्याने भरायचे, हे ठरलेले असते; तेल कोणी बदलायचे, हे बहुधा ठरलेले नसते. यंत्रासोबत तासांची वही फिरवली आणि तेलाचा खर्च भाड्यातच धरला, तर हा घोळ उरत नाही.

पहिले तेल, नवे यंत्र

नव्या यंत्राचा सर्वांत मोठा धोका पहिल्या दिवशीच असतो. वाहतुकीत सांडू नये म्हणून अनेक इंजिने कारखान्यातून तेल न भरता पाठवली जातात. तशी चिठ्ठी इंजिनावर बांधलेली असते. पण खोके फोडण्याच्या उत्साहात ती बाजूला पडते आणि पेट्रोल भरून दोरी ओढली जाते. विक्रेत्याने तेल भरून दिले असे तोंडी सांगितले, तरी डिपस्टिक काढून पाहावे.

पहिला बदल लवकर करायचा, तोही उगाच नव्हे. नवे भाग एकमेकांशी घासून बसताना धातूचा बारीक चुरा सुटतो. गाळणी नसलेल्या इंजिनात तो तसाच फिरत राहिला, तर घासकागदासारखे काम करतो. पहिल्या वेळी काढलेले तेल उन्हात धरले, तर त्यात चंदेरी चमक दिसते. या टप्प्यावर ती स्वाभाविक आहे. पुढच्या बदलातही तशीच चमक दिसली, तर मात्र आत झीज सुरू असल्याचे ते लक्षण मानावे.

तेल बदलताना

इंजिन आधी चार-पाच मिनिटे चालवून घ्यावे. कोमट तेल पातळ असते, झटकन वाहते आणि तळाशी बसलेला गाळ सोबत घेऊन येते. मग यंत्र बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी. ही पायरी सर्रास वगळली जाते. वीडरची पाती किंवा मोअरचे पाते हाताशी असताना इंजिनाने एक जरी फेरा घेतला, तरी बोटे जाऊ शकतात. नुकत्याच थांबवलेल्या इंजिनाचा सायलेन्सर भाजतो, हेही लक्षात ठेवावे.

यंत्र सपाट जागी ठेवून इंजिनाच्या तळाजवळचा निचऱ्याचा बोल्ट सोडवावा आणि खाली पसरट भांडे धरावे. वरची डिपस्टिक काढली, की हवा आत जाऊन तेल लवकर निघते. शेवटचे थेंब पडेपर्यंत थांबावे. अर्ध्या लिटरातले शंभर मिलिलिटर जुने तेल आत राहिले, तर नव्यात त्याचा वाटा मोठा होतो. काही गवत कापणी यंत्रांना निचऱ्याचा बोल्ट सहज हाती लागत नाही आणि तेल तोंडातूनच ओतून काढावे लागते. तेव्हा कार्ब्युरेटर आणि एअर फिल्टर वरच्या बाजूला राहील असेच यंत्र कलते करावे, नाहीतर तेल फिल्टरमध्ये शिरते.

बोल्ट परत लावताना त्याखालचा वॉशर तपासावा आणि आधी हातानेच आटे धरू द्यावेत. कवच ॲल्युमिनियमचे असल्याने जोर लावून पिळलेला बोल्ट आटे खाऊन टाकतो, आणि मग थेंब थेंब गळती कायमची मागे लागते. नवे तेल थोडे थोडे ओतून दर वेळी डिपस्टिक पुसून पातळी पाहावी. येथे एक बारीक फरक आहे. होंडाच्या धर्तीच्या इंजिनांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहायची असते; काही कंपन्यांच्या इंजिनांत ती पूर्ण फिरवून बसवायची असते. हे उलटे झाले, की पातळी चुकीची वाचली जाते. आडव्या शाफ्टच्या बऱ्याच इंजिनांत, यंत्र सपाट असताना तेल भरण्याच्या तोंडाच्या खालच्या कडेपर्यंत आले म्हणजे ते पुरेसे असते.

‘थोडे जास्त असलेले बरे’ हा विचार इथे चालत नाही. पातळी वाढली, की क्रँक तेलात घुसळू लागतो, फेस होतो आणि श्वासनळीतून तेल एअर फिल्टरकडे जाते. धूर येतो, शक्ती कमी होते. सगळे झाल्यावर इंजिन मिनिटभर चालवून, बंद करून, पुन्हा एकदा पातळी आणि गळती पाहावी.

वीडरच्या गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते आणि त्याचे तोंडही वेगळे. इंजिनाचे तेल गिअरबॉक्समध्ये आणि गिअरचे घट्ट तेल इंजिनात, ही अदलाबदल ऐकायला गमतीची वाटते. दुरुस्तीच्या दुकानात ती नवलाची नाही.

डब्यावरचे आकडे

तेलाच्या डब्यावर ‘एसएई ३०’ किंवा ‘१०डब्ल्यू-३०’ असे लिहिलेले असते. ‘डब्ल्यू’ हे अक्षर थंडीसाठी आहे. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ते तेल थंडीत सहज वाहते. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातील घट्टपणा सांगतो. बहुसंख्य लहान चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनांसाठी १०डब्ल्यू-३० सुचवले जाते. हिमाचलच्या बागांत किंवा लडाखमध्ये, जिथे पारा ४ अंशांच्या खाली जातो, तिथे ५डब्ल्यू-३० सोयीचे. उलट टोक विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्याचे. २७ अंशांच्या वरच्या तापमानात १०डब्ल्यू-३० वापरल्यास हवेने थंड होणारे इंजिन अधिक तेल खाऊ शकते, म्हणून पातळी वारंवार तपासावी, असे ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनची पुस्तिका सांगते. त्या हवामानात एसएई ३० हा पर्याय असतो. भारतातल्या बहुतेक भागांत वर्षाचे कित्येक महिने पारा २७ च्या वरच असतो. त्यामुळे रोज सकाळी यंत्र सुरू करण्याआधी डिपस्टिक पाहणे हा नियमच समजावा.

दर्जासाठी डब्यावर ‘एपीआय’ या अक्षरांपुढे ‘एसजे’ किंवा त्यानंतरची श्रेणी आहे का, हे पाहावे. मोटारसायकलचे चांगले ४टी तेल या श्रेणीचे आणि पुस्तिकेतील घट्टपणाचे असेल, तर ते चालते. महागड्या सिंथेटिक तेलाने बदलाची मुदत दुप्पट होते, ही समजूत धोक्याची आहे. तेल कितीही चांगले असले, तरी गाळणी नसलेल्या इंजिनात माती साचायची ती साचतेच.

टू-स्ट्रोक इंजिनांची गोष्ट निराळी. ब्रश कटर, पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप, झाडे कापण्याची साखळी करवत यांत अनेकदा टू-स्ट्रोक इंजिन असते. त्यात बदलण्याजोगे तेलच नसते. २टी तेल पेट्रोलमध्ये मिसळावे लागते. ५०:१ प्रमाण असेल तर एका लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, २५:१ असेल तर ४० मिलिलिटर. नुसते पेट्रोल घातले, तर पिस्टन थोड्याच वेळात चिकटतो. पण बाहेरून अगदी तसेच दिसणारे चार-स्ट्रोक ब्रश कटरही बाजारात आहेत, आणि कोकणात किंवा केरळच्या बागांत एकाच घरात दोन्ही प्रकार असू शकतात. चार-स्ट्रोकमध्ये वेगळे तेल असते, तेही फार थोडे. २५ घन सेंटिमीटरच्या इंजिनात सुमारे ८० मिलिलिटर, ३५ च्या गटात सुमारे १०० मिलिलिटर. चहाच्या एका कपाएवढ्या तेलावर चालणाऱ्या या इंजिनांत चमचाभर गळतीही दुर्लक्षित करण्यासारखी नसते. दोन्ही यंत्रे असलेल्या घरात पेट्रोलचे कॅन वेगळ्या रंगाचे ठेवणे, हा सोपा उपाय आहे.

तेल काय सांगते

डिपस्टिकवरचे तेल नाकाला लावून पाहावे. पेट्रोलचा वास आला आणि पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर कार्ब्युरेटरमधून पेट्रोल झिरपून तेलात उतरले आहे. टेम्पोतून नेताना पेट्रोलचा कॉक उघडा राहिला, तर असे होते. असे पातळ झालेले तेल ताबडतोब काढून टाकावे. त्यावर यंत्र एक तासही चालवू नये. तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरलेले असते. पुरात बुडालेल्या पंपांत हे हमखास आढळते.

काही यंत्रांत तेल कमी झाल्यास इंजिन बंद पाडणारा सेन्सर असतो. तो केवळ पातळी ओळखतो, तेलाची अवस्था नाही. उतारावर यंत्र जास्त कलले, तर तेल पुरेसे असूनही तो इंजिन थांबवतो. मग ‘करंट येत नाही’ म्हणून प्लग बदलला जातो आणि शेवटी कोणीतरी सेन्सरची वायर तोडून देतो. हा दुरुस्तीचा सर्वांत महागडा प्रकार म्हणावा लागेल.

हंगाम संपल्यावर यंत्र सहा-आठ महिने कोपऱ्यात उभे राहते. वापरलेल्या तेलात ओलावा आणि आम्ले साचलेली असतात, ती या काळात आतले भाग गंजवतात. म्हणून तेल ठेवणीआधीच बदलावे. पुढच्या पेरणीच्या तोंडावर नव्हे.

उरते ते काढलेले काळे ऑइल. बैलगाडीच्या आखाला वंगण म्हणून, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते वापरण्याची रीत जुनी आहे, आणि उरलेले बांधावर ओतले जाते. तेथून ते पावसाबरोबर विहिरीत उतरते. धोकादायक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले तेल समाविष्ट आहे. १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुनर्प्रक्रियेला देण्याची विस्तारित जबाबदारी तेल उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. शेतकऱ्याच्या पातळीवर याचा अर्थ इतकाच, की नव्या तेलाचा रिकामा डबा फेकू नये. जुने तेल त्यातच भरावे, झाकण घट्ट लावावे आणि जिथे असे तेल साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियाकाला दिले जाते, त्या ट्रॅक्टरच्या किंवा मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये नेऊन द्यावे. ते हाताळताना हातमोजे घालावेत. वापरलेल्या तेलाचा त्वचेशी वारंवार येणारा संपर्क घातक असतो आणि ते डिझेलने हात धुऊन जात नाही. साबण आणि पाणीच लागते.